स्पॅनिशचं व्याकरण मराठीतून बघा: कुठं सोपं, कुठं खरंच अवघड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात मराठी माध्यम, पुढं बेळगावात इंजिनिअरिंग, बाजारात आणि मैत्रिणींशी कन्नड. ऑनलाइन क्लासमधून स्पॅनिशची ए-टू पातळी पूर्ण केलीत आणि बी-वनला (ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्यांतली तिसरी) आल्यावर अडलात. ‘गुस्तार’ची (म्हणजे आवडणं) उलटी रचना, दोन वेगळे भूतकाळ, सेर आणि एस्तार (दोन्हींचा अर्थ ‘असणं’), आणि सब्जंक्टिव्ह (इच्छा, हेतू अशा गोष्टींसाठीचं क्रियापदाचं रूप) ही चार दुखणी तुम्ही सांगितलीत. क्रियापदांचे तक्ते रोज पाठ करता, पण बोलायची वेळ आली की काही सुचत नाही. कोणतं पुस्तक घ्यावं, आणि कन्नड येतं त्याचा काही उपयोग होईल का, हेही विचारलंत.

मी बेळगावात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते. माझ्याकडं येणाऱ्या मुलांच्या घरी मराठी, कन्नड किंवा कोकणी बोलतात, आणि तुमची चार दुखणी त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असतात. ती चारही तुम्हाला पुस्तकानं लावलेली आहेत. आपल्याकडं मिळणारी स्पॅनिशची बहुतेक पुस्तकं मूळ इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. इंग्रजीत जे नाही ते त्यांना अवघड जातं, म्हणून त्या गोष्टींवर पानंच्या पानं खर्च केलेली असतात. तुम्ही मराठीतून आलात. तुम्हाला यातलं बरंचसं आईच्या भाषेतूनच येतं, आणि जिथं मराठी माणूस हमखास चुकतो त्या जागांबद्दल ही पुस्तकं एक शब्द बोलत नाहीत. तेव्हा पुस्तक आहे तेच ठेवा. फक्त स्पॅनिश वाक्याखाली छापलेलं इंग्रजी झाका आणि तिथं पेन्सिलीनं मराठी लिहा.

(स्पॅनिश शब्द मी इथं देवनागरीत लिहितेय. बेळगावी कानाला ते सोपेच जातात: त आणि द दातांवरचेच, ट-ड नाहीत. ज्या जागी मी ‘ह’ लिहिलाय तिथं काही देशांत तो घशातून, ‘ख’च्या जवळ जाणारा निघतो.)

गुस्तारपासून सुरू करू, कारण ते पाच मिनिटांत संपतं. ‘मे गुस्ता एल ते’ म्हणजे मला चहा आवडतो. ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणजे मला पुस्तकं आवडतात. आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं, आणि ज्याला आवडतं तो ‘मला’, ‘तिला’ असा बाजूला बसतो. इंग्रजी माणसाला हे डोक्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं, तुम्हाला का वाटावं? ‘मे दुएले ला काबेसा’ माझं डोकं दुखतंय, ‘मे फाल्ता तिएम्पो’ मला वेळ कमी पडतो, ‘मे पारेसे के’ मला वाटतं की. सगळं आपल्याच चालीचं.

पण इथं दोन खड्डे आहेत. पहिला: मराठीतली ‘मला’ स्पॅनिशमध्ये दरवेळी ‘मे’ होत नाही. मला भूक लागलीय हे ‘तेंगो आम्ब्रे’, मला भीती वाटते हे ‘तेंगो मिएदो’, मला दोन भाऊ आहेत हे ‘तेंगो दोस एर्मानोस’. तिथं सरळ ‘माझ्याकडं आहे’ अशी रचना लागते. आणि मला पाहिजे म्हणजे नुसतं ‘किएरो’, मी कर्ता. गुस्तार चांगलं जमलेली मुलं उत्साहात ‘मे किएरे’ म्हणून जातात, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘त्याचं माझ्यावर प्रेम आहे’ असा लागतो. दुसरा खड्डा: ‘माझ्या आईला कॉफी आवडते’ यात मराठीत ‘आईला’ एकदाच येतं. स्पॅनिशला ते दोनदा लागतं: ‘आ मि माद्रे ले गुस्ता एल काफे’. मधला तो ‘ले’ आपली माणसं नेमानं गाळतात. ‘आईला’सारखं वाक्य ‘आ’नं सुरू झालं की ‘ले’ आलाच पाहिजे, अशी जिभेला सवय लावा. आणि ‘काफे’च्या आधीचा ‘एल’ही विसरू नका. त्याच्याबद्दल पुढं बोलायचंच आहे.

याच ‘ला’चा आणखी एक उपयोग आहे, ज्याला पुस्तकात ‘व्यक्तीवाचक आ’ असं काहीतरी नाव असतं. सिनेमा बघितला हे ‘बी ला पेलिकुला’, सुनीलला बघितलं हे ‘बी आ सुनील’. वस्तूला ‘ला’ नाही, माणसाला ‘ला’. हे तुम्ही बालवाडीच्या आधीपासून करताय. त्यातली बारीक छटासुद्धा जुळते. ‘मी डॉक्टर शोधतेय’ म्हणजे कुणीही चालेल. ‘मी डॉक्टरांना शोधतेय’ म्हणजे ठरलेले डॉक्टर, कुठं गेले बघतेय. स्पॅनिशमध्ये ‘बुस्को उन मेदिको’ आणि ‘बुस्को आल मेदिको’. हा फरक शिकवायला इंग्रजी पुस्तकाला अर्धं पान लागतं.

आता दोन भूतकाळ. पुस्तक सांगतं: प्रिटेरिट हा संपलेल्या क्रियेसाठी, इम्परफेक्ट हा चालू किंवा सवयीच्या क्रियेसाठी. बरोबर आहे, पण हे सूत्र आठवून कुणी बोलत नाही. तुम्ही फक्त मराठीत वाक्य म्हणा. ‘लहानपणी आम्ही दर शनिवारी बाजारला जायचो’: इथं ‘जायचो’ आलं, म्हणजे ‘इबामोस आल मेर्कादो’. ‘काल बाजारला गेलो’: ‘गेलो’ आलं, म्हणजे ‘फुइमोस’. ‘जायचो’ आणि ‘जात होतो’ या दोन्हींना इम्परफेक्ट, ‘गेलो’ला प्रिटेरिट. गोष्ट सांगताना मराठी माणूस या दोन्हींची वीण आपोआप घालतो: पाऊस पडत होता, दिवे गेले होते, आजी जपमाळ ओढत होती, तेवढ्यात दार वाजलं. शेवटचं एकच प्रिटेरिट, बाकी सगळं मागचं चित्र.

आणि एक गोष्ट मला फार आवडते, ती जरा सावकाश सांगते. पुस्तकात एक चौकट असते: ‘काही क्रियापदांचा प्रिटेरिटमध्ये अर्थ बदलतो, पाठ करा.’ साबेर, कोनोसेर, पोदेर अशी यादी असते आणि मुलं ती घोकतात. मराठीत बघा. ‘साबिया’ म्हणजे मला माहीत होतं. ‘सुपे’ म्हणजे मला कळलं. ‘कोनोसिया’ म्हणजे ओळखत होते. ‘कोनोसी’ म्हणजे ओळख झाली. ‘पोदिया’ म्हणजे करता येत होतं. ‘पुदे’ म्हणजे जमलं, करून दाखवलं. ‘तेनिया के इर’ म्हणजे जायचं होतं, मग गेले की नाही कोण जाणे. ‘तुबे के इर’ म्हणजे जावं लागलं, गेलेच. मराठीला या प्रत्येक जोडीसाठी मुळातच वेगळी क्रियापदं किंवा वेगळी रूपं आहेत. अर्थ बदलतो वगैरे काही नाही. ‘माहीत असणं’ ही स्थिती आहे आणि ‘कळणं’ ही त्या स्थितीत शिरण्याची घटका आहे. स्पॅनिश एकाच क्रियापदाचे दोन काळ वापरून तेच सांगतं. ही जोडी एकदा मराठीत लावली की चौकट फाडून टाकलीत तरी चालेल.

अडचण येते ती ‘होता’ला. मराठीत ‘होता’ दोन्हीकडं चालतं. ‘घरात कोणी नव्हतं’ हे मागचं चित्र, ‘नो आबिया नादिये’. ‘मी पुण्यात तीन वर्षं होते’ यात कालावधी मोजून बंद केलाय, म्हणून ‘एस्तुबे त्रेस आन्योस एन पुणे’. तेव्हा ‘होता’ भेटला की थांबा आणि बघा: किती वेळ, कितीदा, कधीपर्यंत हे वाक्यात सांगितलंय का? सांगितलं असेल तर प्रिटेरिट.

भूतकाळातच आपली एक खास मराठी चूक आहे, जी मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही, कारण इंग्रजी माणूस ती करूच शकत नाही. ‘मी पत्र लिहिलं आहे’, ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’: मराठीत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे फिरतं. स्पॅनिशमध्ये ‘कार्ता’ स्त्रीलिंगी, त्यामुळं हुशार विद्यार्थी लिहितो ‘ए एस्क्रिता उना कार्ता’. पाहिजे ‘ए एस्क्रितो उना कार्ता’. ‘आबेर’ या सहाय्यक क्रियापदाबरोबर (वरचं ‘ए’ हे त्याचंच रूप) येणारं हे रूप कधीच हलत नाही, चिठ्ठी असो की पुस्तक, एक असो की दहा. पण ‘एस्तार’ किंवा ‘सेर’बरोबर आलं की मात्र हलतं: ‘ला कार्ता एस्ता एस्क्रिता’, चिठ्ठी लिहिलेली आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, बी-वनच्या लेखनात हे हमखास लागतं.

सेर आणि एस्तारकडं येऊ. तुम्हाला कुणीतरी ‘कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार’ असं शिकवलेलं असणार. हा नियम सोडून द्या. मेलेला माणूस ‘एस्ता मुएर्तो’, आणि मरणाइतकं कायमचं काय आहे? बेळगाव कर्नाटकात आहे हे ‘बेळगाव एस्ता एन कर्नाटक’, गाव काही उठून जाणार नाही. उलट तरुण माणूस ‘एस होबेन’, आणि तारुण्य जातं हे सगळ्यांना माहीत आहे.

इथं तुमची कन्नड कामाला येते. ‘इदु नम्म मनि अल्ल’: हे आमचं घर नव्हे. ‘अण्ण मन्याग इल्ल’: दादा घरात नाही. कन्नड माणूस ‘अल्ल’ आणि ‘इल्ल’ची कधीही गल्लत करत नाही. एक वस्तू म्हणजे दुसरी वस्तू नव्हे, असं सांगायचं असेल तर ‘अल्ल’; ती वस्तू तिथं नाही, असं सांगायचं असेल तर ‘इल्ल’. ‘अल्ल’च्या जागी स्पॅनिशमध्ये ‘नो एस’, म्हणजे सेर. कोण किंवा काय कुठं नाही यासाठी ‘इल्ल’ असेल, तर ‘नो एस्ता’, म्हणजे एस्तार. मराठीतही ‘नव्हे’ आणि ‘नाही’ असा भेद आहे, पण बोलताना आपण दोन्हीकडं ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. कन्नडमध्ये तो भेद अजून पक्का आहे. नाम बरोबर नाम असेल किंवा जागा सांगायची असेल, तर मनात आधी कन्नड नकार म्हणा. माझ्या वर्गात ज्यांना कन्नड चांगलं येतं त्यांना हा भाग फार लवकर बसतो. एक अपवाद लक्षात ठेवा: कार्यक्रम कुठं आहे हे सांगताना सेर लागतं. लग्न खानापुरात आहे, ‘ला बोदा एस एन खानापूर’. ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ घालून वाक्य चालत असेल, तर सेर.

विशेषणांना मात्र कन्नडची ही कसोटी लावू नका, तिथं ती फसते. विशेषणांना मराठी घ्या, आणि कसोटी आहे ‘झालाय’ची. कॉफी गार झालीय, ‘एस्ता फ्रियो’, कारण ‘काफे’ पुल्लिंगी. दादा दमलाय, ‘एस्ता कान्सादो’. तिचं लग्न झालंय, ‘एस्ता कासादा’. म्हातारबाबा गेलेत, ‘एस्ता मुएर्तो’. काहीतरी घडून जी स्थिती आली ती एस्तारची. ‘तो हुशार आहे’ याला ‘हुशार झालाय’ म्हणत नाही, म्हणून ‘एस लिस्तो’. ‘तो तयार झालाय’, म्हणून ‘एस्ता लिस्तो’. विशेषण एकच, अर्थ दोन, आणि फरक मराठीनं दाखवला. कुणाच्या घरी कुंदा खाल्लात आणि म्हणालात ‘छान झालाय’, की ते ‘एस्ता रिको’. ‘बेळगावचा कुंदा छान असतो’ हे सर्वसाधारण मत, ते ‘एस रिको’. पाहुणे म्हणून जेवताना ‘एस रिको’ म्हणालात तर पदार्थाचं कौतुक होतं, पण करणारीच्या हाताचं होत नाही.

हीच कसोटी ‘-लेला’ रूपांनाही लागते. दार उघडलेलं आहे, ‘ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता’. दार उघडण्यात आलं, ‘ला पुएर्ता फुए आबिएर्ता’. स्थिती एस्तारकडं, क्रिया सेरकडं.

चालू काळाबद्दल दोन ओळी. ‘मी उद्या गोव्याला जातेय’ हे आपण सहज म्हणतो. त्याचं ‘एस्तोइ येंदो’ करू नका, ते फक्त या क्षणी रस्त्यात असलात तर चालतं. उद्याचं असेल तर साधं ‘बोइ’. आणि ‘मी इथं पाच वर्षांपासून राहतेय’ याला मराठीसारखाच वर्तमानकाळ लागतो, ‘बिबो आकी देस्दे आसे सिंको आन्योस’. इंग्रजीतून विचार केलात तर दोन्ही ठिकाणी चुकाल.

सब्जंक्टिव्हचं नाव काढलं की मुलांचे चेहरे उतरतात. मराठीत त्याला ‘-आवं’ म्हणतात आणि तुम्ही ते दिवसातून शंभरदा वापरता. ‘तू यावंस असं मला वाटतं’, ‘किएरो के बेंगास’. ‘त्याला समजावं म्हणून सांगितलं’, इथं ‘पारा के’ आणि सब्जंक्टिव्ह. ‘देव तुझं भलं करो’, ‘के दिओस ते बेंदिगा’. म्हातारी माणसं आशीर्वाद देताना ज्या रूपात बोलतात ते ‘करो, होवो, मिळो’ म्हणजे हेच. इच्छा, हेतू, सल्ला, आज्ञा, आशीर्वाद, एवढं सगळं मराठीच्या बोटाला धरून पार होतं.

पुढची पायरी जो-असाची. मघाचे डॉक्टर आठवा. ‘जो मराठी बोलेल असा डॉक्टर शोधतेय’, अजून भेटलेला नाही, असेल की नाही ठाऊक नाही: ‘बुस्को उन मेदिको के आब्ले माराती’. ‘जे मराठी बोलतात त्या डॉक्टरांना शोधतेय’, ते आहेत, मला माहीत आहेत: ‘बुस्को आल मेदिको के आब्ला माराती’. मराठीत ‘बोलेल असा’ आलं की सब्जंक्टिव्ह. सीमाभागातल्या माणसानं दवाखान्यात, कचेरीत हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं, म्हणून मी उदाहरण मुद्दाम हेच देते.

आणि मग तीन जागा, जिथं मराठी साथ सोडते. या वेगळ्या पाठ कराव्याच लागतात. पहिली, भावना: ‘तू इथं आहेस याचा मला आनंद आहे’ यात आपण साधं ‘आहेस’ म्हणतो, स्पॅनिश मात्र ‘मे आलेग्रो दे के एस्तेस आकी’ म्हणतं. आनंद, दुःख, राग, आश्चर्य, भीती यांच्यामागं ‘के’ आला आणि पुढं माणूस बदलला की सब्जंक्टिव्ह. दुसरी, ‘तू येशील तेव्हा जेवू’: आपल्या ‘येशील’मुळं मुलं ‘क्वांदो बेंद्रास’ लिहितात. पुढं होणाऱ्या गोष्टीसाठी ‘क्वांदो’नंतर भविष्यकाळ येत नाही, ‘क्वांदो बेंगास’. तिसरी, जर-तर: ‘पाऊस पडला असता तर पीक चांगलं आलं असतं’ यात आपण दोन्हीकडं ‘असता-असतं’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘सि’च्या बाजूला ‘उबिएरा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आब्रिया’: ‘सि उबिएरा योबिदो, आब्रिया आबिदो बुएना कोसेचा’. दुसऱ्या बाजूलाही ‘उबिएरा’ चालतं, पण ‘सि’ला चिकटून ‘आब्रिया’ परीक्षेत चालत नाही.

रूपं कशी लक्षात ठेवायची? तक्ते पाठ करण्यापेक्षा दोन धागे धरा. वर्तमान सब्जंक्टिव्ह ‘मी’च्या रूपातून निघतं: तेंगो-तेंगा, आगो-आगा, साल्गो-साल्गा, बेंगो-बेंगा. यातून सुटणारी सहाच आहेत: सेआ, एस्ते, बाया, सेपा, आया आणि दे. भूत सब्जंक्टिव्ह ‘त्यांनी’च्या प्रिटेरिटमधून निघतं आणि त्याला अपवादच नाही: तुबिएरोन-तुबिएरा, फुएरोन-फुएरा, दिहेरोन-दिहेरा. ‘मी’चं वर्तमान आणि ‘त्यांचं’ प्रिटेरिट, ही दोन रूपं प्रत्येक क्रियापदाची पक्की करा. बाकीचा डोंगर त्यातून निघतो.

आता तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाही, पण जिथं तुमचे गुण खरे जाणार आहेत, तिकडं वळते. ते म्हणजे एल, ला, लोस, लास, इंग्रजीतल्या ‘द’सारखी उपपदं. मराठीत हे उपपद नाही, कन्नडमध्ये नाही, कोकणीत नाही. ‘मला चहा आवडतो’ म्हणताना चहाच्या आधी आपल्याला काही लागत नाही, म्हणून ‘मे गुस्ता ते’ असं सुटतं. इंग्रजीचा आधार घेतला तर आणखी चुकतं, कारण इंग्रजीतही तिथं काही नसतं. कामचलाऊ नियम देते: क्रियापदाच्या आधी बसलेला कर्ता सामान्यनाम असेल तर उघडा ठेवू नका. कुत्री इमानी असतात, ‘लोस पेर्रोस सोन फिएलेस’. गुस्तारनंतरही तेच. उलट, धंदा सांगताना काही लावू नका: मी इंजिनिअर आहे, ‘सोइ इन्हेनिएरा’. सोमवारी म्हणजे ‘एल लुनेस’, दर सोमवारी म्हणजे ‘लोस लुनेस’. शरीराच्या अवयवांना ‘माझा-तुझा’ नको; मराठीत आपण ‘हात धुतले’ एवढंच म्हणतो, स्पॅनिशही ‘मे लाबो लास मानोस’ म्हणतं. उपपदांची समज कानानं येते. रोज एक उतारा घ्या, त्यातली सगळी उपपदं खोडरबरानं पुसा, दुसऱ्या दिवशी स्वतः भरा आणि मूळ उताऱ्याशी ताडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण मला याहून चांगला उपाय अजून मिळालेला नाही.

लिंगाचं तसंच. मराठीला तीन लिंगं आहेत, त्यामुळं ‘वस्तूला कसलं लिंग’ हा इंग्रजी माणसाचा प्रश्न तुम्हाला पडत नाही, आणि चांगला-चांगली असं विशेषण फिरवायची सवयही असते. पण मराठीचं लिंग स्पॅनिशवर चढतं. हात पुल्लिंगी, ‘ला मानो’ स्त्रीलिंगी. नदी स्त्रीलिंगी, ‘एल रिओ’ पुल्लिंगी. आपली नपुंसकलिंगी नामं दोन्हीकडं विखुरतात: घर ‘ला कासा’, दूध ‘ला लेचे’, झाड ‘एल आर्बोल’, पुस्तक ‘एल लिब्रो’. ‘एल दिया’, ‘एल प्रोब्लेमा’, ‘एल इदिओमा’ हे शेवटी ‘आ’ असूनही पुल्लिंगी. पाणी तर ‘एल आग्वा फ्रिया’: नाम स्त्रीलिंगी, पण सुरुवातीच्या ठसठशीत ‘आ’मुळं आधी ‘एल’ येतो, विशेषण मात्र ‘फ्रिया’च. मराठीत लाल, सुंदर, गोड ही विशेषणं हलत नाहीत, त्यामुळं मुलं ‘ला कासा रोहो’ लिहितात. ‘ला कासा रोहा’ पाहिजे. शब्द कधीही एकटा लिहू नका, ‘ला लेचे फ्रिया’, ‘एल रिओ आंचो’ असं उपपद आणि विशेषण दोन्ही लावून लिहा.

पोर आणि पाराबद्दल एकच गोष्ट सांगते. आपलं ‘साठी’ दोन्हीकडं घुसतं आणि घोळ होतो. ‘साठी’च्या जागी ‘खातर’, ‘मुळे’, ‘ऐवजी’ किंवा ‘-तून’ बसत असेल तर पोर. ‘-ला’, ‘-कडे’, ‘-पर्यंत’ बसत असेल तर पारा. हे तुला द्यायला आणलंय, ‘पारा ती’. हे तुझ्याखातर केलं, ‘पोर ती’. चोर्ला घाटातून गोव्याला निघाले: ‘साल्गो पारा गोवा पोर चोर्ला’. हे एक वाक्य पाठ असलं तरी अर्धी लढाई जिंकली.

‘से मे कायो एल बासो’ या रचनेला मुलं उगाच घाबरतात. माझ्या हातून पेला पडला. ‘से मे ओल्बिदो’, माझ्याकडून राहूनच गेलं. मुद्दाम केलं नाही हे सांगायची आपलीच रीत.

सरावाचं म्हणाल तर तक्त्यांचा वेळ निम्मा करा आणि उरलेल्या वेळात रोज संध्याकाळी आठ-दहा वाक्यं लिहा. दिवसात कुणी मराठीत म्हटलेली खरी वाक्यं घ्या: आईनं फोनवर काय सांगितलं, बस का चुकली, कॅन्टीनवाल्याशी काय बोलणं झालं. पुस्तकी वाक्यांत ‘हातून’, ‘राहून गेलं’, ‘जमलं’, ‘यावंस’ येत नाहीत, घरच्या बोलण्यात पावलोपावली येतात, आणि सगळं व्याकरण तिथंच आहे. लिहून झालं की मोठ्यानं वाचा. बोलताना सुचत नाही ते यामुळं, की सध्या तुमचं वाक्य मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये असा लांबचा फेरा मारून येतं. चुकांची वेगळी वही ठेवा आणि प्रत्येक चुकीशेजारी ती मराठीनं केली की इंग्रजीनं, ते लिहा. थोड्या दिवसांत तुमच्या चुकांची घराणी ओळखू येतील.

कुठल्या पातळीला काय यायला पाहिजे, याचा पूर्ण आराखडा इन्स्टिट्यूटो सेर्व्हांतेस या स्पॅनिश शिकवणाऱ्या स्पेनच्या संस्थेनं ए-वन ते सी-टूपर्यंत तयार केलाय आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. बी-वनच्या यादीवर खुणा करत चला. शब्दाचं लिंग किंवा अर्थ अडला तर 1713 साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीचा कोशही ऑनलाइन फुकट आहे. सुरुवातीला जड वाटेल, तरी तोच उघडा. स्पॅनिशचं स्पष्टीकरण स्पॅनिशमध्येच वाचायची सवय बी-वनला लागलीच पाहिजे.

देले, म्हणजे स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची परीक्षा, द्यायची असेल तर बी-वनला व्याकरणाचा स्वतंत्र पेपर नसतो. वाचन आणि लेखन हा एक गट, ऐकणं आणि बोलणं हा दुसरा. प्रत्येक गट 50 गुणांचा आणि प्रत्येकात निदान 30 हवेत. एका गटातली कसर दुसऱ्यात भरून निघत नाही. आपली मुलं वाचनात सहज गुण मिळवतात आणि लेखनात उपपदं, लिंग आणि ‘ए एस्क्रिता’सारख्या चुकांनी ते घालवतात. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत नवीन काही शिकू नका. आठवड्याला दोन पत्रं लिहा, त्यात एक तरी घडलेली गोष्ट सांगा म्हणजे दोन्ही भूतकाळ येतील, आणि तपासताना तीनदा वाचा: पहिल्यांदा फक्त एल-ला, दुसऱ्यांदा फक्त विशेषणांची टोकं, तिसऱ्यांदा प्रत्येक ‘के’ आणि ‘क्वांदो’च्या पुढचं क्रियापद. एकदम सगळं तपासायला गेलात तर काहीच दिसत नाही.